कोळशाच्या गाडीची खांदेमळणी

माझा हुद्दा ड्रायव्हरचा, पण लढाईच्या वर्षांत मी नोकरी केली ती आचाऱ्याची. पहाटे उठायचं, चूल पेटवायची, पंखा मारायचा, धूर डोळ्यांत घ्यायचा आणि खाणारीची मर्जी सांभाळत दिवस काढायचा. खाणारी म्हणजे मिरज-दहिवडी रस्त्यावरची आमची प्रवासी मोटार. ती कोळसा खात असे.

हे सांगितलं की माझी नातवंडं एकमेकांकडं बघतात. आजोबांच्या डोक्यात आगगाडी आणि मोटार यांचा घोटाळा झालाय, असं त्यांना वाटतं. परवा पेट्रोलचा भाव वाढल्याची चर्चा जेवताना निघाली, तेव्हा धाकटा म्हणाला, "संपलं तर संपलं. शास्त्रज्ञ काढतील की दुसरं काहीतरी." माझा घास हातातच राहिला. हे वाक्य मी पूर्वी रोज ऐकत असे, आणि ज्यांच्या तोंडून ऐकत असे त्यांची गाडी ढकलत ऐकत असे.

ते आमचे मालक, आण्णासाहेब. सांगलीजवळ उसाची जमीन, अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी आणि तोंडात सदैव सुधारणा. लढाई पेटली तशी पेट्रोलवर बंदी आली. आमच्या साताऱ्याकडं त्या दिवसांत सरकारं दोन होती, इंग्रजांचं आणि भूमिगतांचं. एक पेट्रोल देत नव्हतं आणि दुसऱ्याकडं ते नव्हतंच. इतर मोटारवाले हातावर हात ठेवून बसले. आण्णासाहेब पुण्याला गेले आणि परत आले ते एक लोखंडी भट्टी घेऊनच. ती त्यांनी गाडीच्या पाठीला बसवून घेतली. "एक संपलं की दुसरं निघतं," ते म्हणाले. "जगाची रीतच आहे. माणसाची बुद्धी संपत नाही." बुद्धी संपत नाही हे त्यांचं म्हणणं खरं असेल. ती सुरू कधी होते, एवढीच माझी शंका होती.

ज्यांनी कोळशाची गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या मागं माणसापेक्षा उंच असा एक लोखंडी पिंप. वरून कोळसा ओतायचा, खालून पेटवायचा. मग आमचा क्लीनर तुका हाताच्या पंख्यानं वारा घालायचा, त्याच्या बनियनमधून घाम ठिबकेपर्यंत. निखारा धगधगला की त्यातून एक वायू निघतो. तो नळीतून पुढं यायचा, वाटेत काथ्या भरलेल्या डब्यातून गाळला जायचा आणि इंजिनात शिरायचा. त्या वायूला वास नाही, रंग नाही. भट्टीशेजारी झोपलेला माणूस मात्र पुन्हा उठत नाही, म्हणून मी तुकाला तिथं डुलकीसुद्धा घेऊ देत नसे. कोळसा हवा बाभळीचा. ओला चालत नाही, भुगा चालत नाही. आणि कच्चं लाकूड तर मुळीच नाही, कारण त्याचं डांबर सुटतं, ते इंजिनात जाऊन बसतं, आणि मग इंजिन उघडून खरवडण्यात आठवडा जातो. थोडक्यात, घरजावयाला नसतील इतके तिचे लाड होते.

एवढं करून ताकद निम्मीच. चढ आला की मी गाडी थांबवायची, तुकानं "चला, उतरा!" म्हणून ओरडायचं, आणि उतारूंनी मागून ढकलायचं. तिकीट बसण्याचं, प्रवास पायी. गाडीच्या दोन्ही अंगांना मालकांनी "आरामशीर व वक्तशीर" असं रंगवून घेतलं होतं, ते ढकलताना डोळ्यांसमोरच येई. लेंगऱ्याच्या एका पैलवानानं एकदा मला गाठून विचारलं, "आवं डायवर, मी हिला ढकलून हितवर आनलीया. तवा पैसं मी द्यायचं का तुमी?" मी त्याला मालकांकडं पाठवलं. मालकांनी त्याला सुधारणेवर भाषण दिलं, तिकीटही काढायला लावलं.

बायकांना मात्र गाडी फार आवडली. गाडी आली की दोघीतिघी फुटकं खापर घेऊन धावत यायच्या, "डायवरदादा, जरा इस्तू द्या की." घराघरांतल्या चुली आमच्या मोटारीवर पेटत. एक म्हातारबुवा दर खेपेला भट्टीवर कणीस भाजून खात आणि उतरताना सांगत की पेट्रोलच्या गाडीत ही सोय नव्हती.

सुरुवातीला कोळशाला कमी नव्हती. रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी बाभळीच बाभळी. मालकांनी भट्टीवाले लावले, त्यांनी झाडं पाडली, मातीत पुरून जाळली, पोती रस्त्याला आणून ठेवली. मी थांबायचं, पोतं उचलायचं, पुढं निघायचं. वर्षभरात पोती रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर गेली. मग टेकडीपलीकडं. मग बैलगाडीतून यायला लागली. अखेर कोळसा शिराळ्याच्या डोंगरातून सांगलीला येऊ लागला आणि सांगलीहून आमच्याच गाडीच्या टपावर चढून माणदेशाकडं निघाला. म्हणजे पाहा, कोळसा वाहायला कोळसा जाळायचा, आणि त्या कोळशाच्या पोत्यांना जागा हवी म्हणून उतारू कमी घ्यायचे. असंच चालू राहिलं असतं तर एक दिवस गाडी फक्त स्वतःचंच खाणं घेऊन हिंडली असती. मी हे मालकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तू गाडी चालव. हिशेब आमच्याकडं."

मिरजेला सतारी-तंबोरे करणारे एक चाचा होते. गवसणीतला तंबोरा पोटाशी धरून ते गाडीत बसत आणि चढावर सगळ्यांच्या आधी उतरत. एकदा तुका पोतं ओतत असताना त्यांनी एकदम त्याचा हात धरला आणि पोत्यातून अर्धवट जळालेला एक ओंडका बाहेर काढला. सतारीला वापरतात त्या तुणीचं लाकूड होतं ते. चाचांनी तो ओंडका बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला, कान लावला आणि म्हणाले, "अरे, ये तो सतार थी." मग तो ओंडका उपरण्यात गुंडाळून घरी घेऊन गेले. पुढं त्यांनी आमच्या गाडीनं येणं सोडलं. मला त्यांचा राग आला नाही.

आता सिदू आबा. दहिवडीकडचा धनगर, थोडी जिरायत जमीन, बाकी मेंढरं. मुलगा लामावर गेलेला. कुठल्या मुलखात लढतोय हे सरकारलाच ठाऊक. उन्हाळ्यात आबाचा तळ मायणी आणि विटं यांच्या मधल्या एका ओढ्यावर पडायचा, कारण तिथं बाभळीचं बन होतं. गवत जळून गेलं की मेंढरं बाभळीच्या शेंगांवर जगतात. शेंगा पडल्या की मेंढरांना दूध, दुधावर कोकरं, कोकरांवर आबाचं घर. त्या बनाला कुणी मालक नव्हता, म्हणून आमच्या आण्णासाहेबांनी मालक होऊन दाखवलं. भट्टीवाले ओढ्यात उतरले त्या दिवशी आबा रस्त्यात काठी आडवी धरून उभा होता.

"आवं डायवर, ही तुमची म्हस दिसाला किती खाती?"

मी सांगितलं.

"आन् दूध?"

पुढच्या बाकावरून आण्णासाहेब म्हणाले, "आबा, झाडं काय, पुन्हा उगवतात."

"उगवत्यात की. माजी मेंढरं थांबत्याल व्हय तंवर?"

आण्णासाहेबांनी मला गाडी हाकायला सांगितलं. मी हाकली. पोटापाण्याची नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर गाडीवर माझा जीवही होता.

आमच्या भागात आषाढात बेंदूर असतो. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात: वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, त्याला उद्याच्या सणाचं आमंत्रण द्यायचं. दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, पोटभर पुरणपोळी आणि गावातून मिरवणूक. कोळशाच्या गाडीच्या दुसऱ्या वर्षी दहिवडीच्या लोकांनी हौसेनं आमच्या बॉनेटलाही हळद-लोणी फासलं. सिदू आबा गर्दीत उभा राहून बघत होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, इकडं तिकडं चाचपलं आणि म्हणाला, "हिचा खांदा कुठं हाय?"

लोक हसले.

"खांदाच न्हाई तर हिचं दुकतं काय, म्हून लोनी नासताय?" असं म्हणून तो चालता झाला.

आण्णासाहेबांना त्या समारंभातून एक कल्पना सुचली. बेंदराला बैलगाड्या बंद असतात, म्हणजे रस्ता आपला. पुढल्या वर्षी त्यांनी गावोगाव दवंडी दिली: बैल सुट्टीवर, आमची मोटार हजर! एक जादा गाडी सोडली आणि सुधारणेचा विजय डोळ्यांनी पाहायला स्वतः दहिवडीला येऊन राहिले. बेंदराच्या सकाळी गर्दी अशी लोटली की टपावर जागा पुरेना. आण्णासाहेबांनी टपावरची कोळशाची पोती खाली उतरवली आणि तिथं माणसं चढवली.

"मालक, कोळसा विट्यापर्यंतसुद्धा पुरायचा नाही," मी म्हणालो.

"ओढ्यावर भट्टी आहे ना? काल तूच म्हणालास चार पोती बाजूला ठेवलीत म्हणून. नाहीतर काहीतरी निघेल. चल."

गाडी हलणार एवढ्यात सिदू आबा आला. खांद्यावर घोंगडं, घोंगड्यात त्याची तीन-चार वर्षांची नात, हिरा. मान सुजलेली, श्वासाला शिट्टी. मला बघताक्षणी कळलं. घटसर्प. गळा आतून बंद होत जातो आणि दिवसभरात मूल गुदमरतं. दहिवडीत त्यावर औषध नव्हतं, मिरजेच्या दवाखान्यात होतं. हिराची आई तापानं अंथरुणावर, बाप लामावर, राहिला आबा. ज्या गाडीला त्यानं म्हैस म्हटलं होतं तिच्यापुढं तो हात जोडून उभा राहिला. "डायवर, जरा बिगी बिगी न्हे, गड्या."

मी त्याला माझ्या मागच्याच बाकावर बसवलं. त्या दिवशी मी चढावर कुणालाही दोनदा उतरायला सांगितलं नाही. आबाच्या मांडीवरची शिट्टी ऐकून लोक आपणहून उतरत आणि पळत ढकलत. मायणी गेली. विटं दोन कोसांवर राहिलं तेव्हा इंजिन खोकायला लागलं, आणि ओढ्याजवळ येऊन गप्प झालं.

ओढ्यावर भट्टी नव्हती. काळ्या राखेचे गोल होते आणि एक भट्टीवाला आपलं बोचकं बांधत होता. चार पोती काय झाली विचारलं, तर म्हणाला, "सकाळच्याला तुमचीच दुसरी गाडी आली न्हवं? न्हेली की तिनं."

"मग आता दुसरा कोळसा कधी?"

"कशाचा करू? झाडं सरली. आमी चाललो शिराळ्याकडं."

मी मान वर करून बघितलं. ओढ्याच्या दोन्ही काठांना बुंधेच बुंधे होते. जीव टांगणीला लागला की माणूस आधी सावलीला जातो. तिथं सावलीसुद्धा नव्हती. ती आम्ही नेली होती, पोत्यापोत्यानं. सिदू आबानंही तिकडं बघितलं असणार. तो फक्त नातीच्या तोंडावरच्या माश्या वारत होता.

पुढचा अर्धा तास सुधारणेनं हातपाय मारले. कुणी जवळच्या वस्तीवरून गोवऱ्या आणल्या. भट्टीनं त्या खाल्ल्या आणि नुसता धूर ओकला. आण्णासाहेब म्हणाले, "गाडीतली बाकं मोडा. सागवानी आहेत, चांगली जळतील." मी म्हणालो, लाकडाचं डांबर होईल, मैलभर जाईल आणि इंजिन बसेल. ते ओरडले, "मैलभर तर जाईल!" त्यांचाही धीर सुटला होता, ते मला दिसत होतं. तुकानं एक बाक तोडून आत घातलं. गाडीनं स्वतःचं बसायचं बाक खाल्लं, चार हिसके दिले, एक शेत ओलांडलं आणि थांबली ती थांबलीच.

मी वस्तीकडं धावलो. अंगणात बैलगाडी होती आणि दावणीला बैलजोडी: शिंगं हिरवी-तांबडी, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. नवरदेवसुद्धा इतका नटत नाही. शेतकऱ्याला मी सगळं सांगितलं. तो बैलांजवळ गेला.

"आवं, काल खांदं मळल्यात त्यांचं. आज जू ठिवायचं?" त्यानं एका बैलाच्या पोटावर हात ठेवला. "लेकराचा जीव हाय, ठिवलं असतं. पर पोट फुगंस्तवर पोळ्या खाल्ल्यात ह्यांनी. आता पळीवलं तर वाटंतच बसत्याल."

एवढ्यात मागून सिदू आबा आला. त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. हिराला घोंगड्यासकट बैलगाडीत ठेवलं, पुढं आला, वाकला आणि जू उचलून खांद्यावर घेतलं.

"बैलाला सुट्टी हाय," तो म्हणाला. "मला न्हाई."

साठी उलटलेला माणूस. त्यानं पाऊल टाकलं आणि गाडी हलली. मी जुवाच्या दुसऱ्या टोकाखाली शिरलो. तुका आणि तो शेतकरी चाकांना लागले. आणि मागं ढकलायला, धावत आलेल्या चार उतारूंबरोबर, टोपी खिशात कोंबून, आमचे मालक. काहीतरी निघेल म्हणत होते ना? शेवटी निघालो ते आम्ही. पेट्रोल झालं, कोळसा झाला, बाक झालं, आता आम्ही.

जू कसं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शेतातून पाहिलं की ते नुसतं लाकूड दिसतं. खांद्यावर आलं की मानेचं हाड शोधतं. उताराला गाडी अंगावर येते, चढाला मागं खेचते, आणि थांबता येत नाही, कारण थांबलं की पुन्हा हलवायला दुप्पट जोर लागतो. मी दोन कोस मोटार चालवत असे तेव्हा विडी ओढून होई. त्या दिवशी दोन कोस म्हणजे काय ते मला कळलं. मागून शिट्टी ऐकू येत होती आणि ती ऐकू येतेय तोवर ठीक आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो. एका चढावर ती थांबल्यासारखी वाटली. आबा मान न वळवता म्हणाला, "हिरे?" मग शिट्टी पुन्हा आली. मी देवधर्म करणारा नाही. पण त्या चढावर मी काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत.

विट्याला एका डॉक्टरांकडं मोटार होती, आणि डॉक्टर म्हणून त्यांना सरकार थोडं पेट्रोल देत असे. त्यांनी हिराकडं एकदाच बघितलं आणि गाडी काढली. आबा तिला घेऊन आत बसला. धूळ उडवत ती मोटार मिरजेच्या रस्त्याला लागली. किती सहज चालते पेट्रोलवर मोटार! मी रस्त्यातच मटकन बसलो आणि मला रडू आलं. शेजारी आण्णासाहेब बसले होते. त्यांच्या कोटाला गाडीचं वंगण लागलं होतं. ते म्हणाले, "भट्टीची जाळी जरा मोठी करून घेतली तर लाकूडसुद्धा..." मी त्यांच्याकडं बघितलं, तसे ते कोटावरचं वंगण पुसायला लागले.

हिरा वाचली. आवाज तेवढा घोगरा झाला.

लढाई संपल्यावर हळूहळू पेट्रोल आलं. आण्णासाहेबांनी भट्टी भंगारात घातली, नवी कोरी गाडी आणली, पूर्वीसारखंच "आरामशीर व वक्तशीर" रंगवलं, आणि आपण कशातून गेलो हे आठवड्याभरात विसरून गेले. त्यांना दोष देत नाही, सगळेच विसरले. फक्त ओढ्यावरची बाभळ काही परत आली नाही, आणि आबाचा तळही तिथं पुन्हा पडला नाही. त्यानं निम्मी मेंढरं विकली.

पण त्याच्या आधी, भट्टी अजून गाडीच्या पाठीवर होती तेव्हा, पुढल्या वर्षीच्या बेंदराच्या आदल्या संध्याकाळी मी दहिवडीत पोचलो. इंजिन खरवडून, नवं बाक टाकून गाडी पुन्हा रस्त्यावर आली होती. लोक हळद-लोणी घेऊन बॉनेटकडं आले. त्यांच्यात सिदू आबाही होता, हातात वाटी, आणि बोटाला धरून हिरा. मला आश्चर्य वाटलं, कारण गाडीला लोणी फासणाऱ्यांतला तो नव्हता. तो गाडीजवळ आला, तिच्या तोंडासमोरून तसाच पुढं गेला आणि माझ्यापाशी थांबला.

"सदरा काड."

"आबा, अहो काय हे?"

"काड म्हंतो न्हवं."

मी सदरा काढला. उजव्या खांद्यावर जुवाचा वण अजून होता. आबानं वाटीत बोटं बुडवली आणि त्या वणावर हळद-लोणी चोळायला लागला, सावकाश, बैलाला चोळतात तसं, मानेपासून दंडापर्यंत. त्याचा हात खरखरीत होता. सगळा मोटार अड्डा बघत होता. तुका हसायला लागला आणि मध्येच थांबला. मला वर बघवेना, म्हणून मी खाली बघत राहिलो. खाली हिरा उभी होती, मान उंच करून माझं डोकं न्याहाळत.

"आबा," ती तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ह्येला शिंगं न्हाईत. मग उद्या रंग कशाला लावायचा?"